फुलात आई कुठं, बाप कुठं?



दिवाळी होऊन गेली. गडचांदूर, कोरपना, राजुऱ्याकडं कापूस वेचणी जोरात आहे. सोयाबीन घरात आलंय, तुरीला फूल लागलंय. तिकडं नागभीड, सिंदेवाही, मूल, गडचिरोलीकडं धानाची कापणी चालली आहे. मांडवावर बियाण्यासाठी राखून ठेवलेला एखादा दोडका वाळून खुळखुळायला लागला असेल. म्हणजे हा बी धरण्याचा काळ. म्हणूनच आज बियाण्यावर बोलू या, पण जरा वेगळ्या बाजूनं. कोणतं बी घरचं चालतं आणि कोणतं चालत नाही, हे फुलाकडं पाहून कसं ओळखायचं, हा आजचा विषय.

दर मृगाला बियाण्याच्या पाकिटांवर पैसा जातो. बचत गटातून घेतलेल्या कर्जातला मोठा वाटा बियाणं आणि खतात जातो, हे तुमच्या वह्याच सांगतात. यातलं काही बियाणं विकत घेण्यावाचून इलाज नाही. पण काही बियाणं आपण फुकट घरी धरू शकतो आणि तरीही विकत आणतो. उलट जे घरी धरायला नको तेच धरतो, आणि मग पुढच्या वर्षी म्हणतो की बी बिघडलं. बी बिघडत नाही, बायांनो. त्या फुलाच्या घरात आई कोण होती आणि बाप कुठून आला होता, हे आपण पाहिलेलं नसतं.

आधी फूल म्हणजे काय ते पाहू. उद्या सकाळी वेचणीला गेलात, की पऱ्हाटीचं नुकतं उमललेलं एक फूल हातात घ्या. आपल्याकडच्या नेहमीच्या कापसाचं फूल पहिल्या दिवशी पांढरट-पिवळं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं. पहिल्या दिवसाचं घ्या. पाकळ्या बाजूला सारल्या की मधोमध एक दांडी दिसेल. दांडीभोवती बारीक बारीक दाणे चिकटलेले असतात. बोट लावलं तर बोटाला पिवळी भुकटी लागते. ते पुंकेसर, म्हणजे फुलातला बाप, आणि ती भुकटी म्हणजे पराग. दांडीचं टोक या दाण्यांच्या वर निघालेलं असतं. ते स्त्रीकेसराचं टोक, म्हणजे फुलातली आई. तिचं पोट खाली, फुलाच्या बुडाशी असतं. पराग त्या टोकावर पडला, आत उतरला, की पोटात सरकी धरते आणि त्याचंच पुढं बोंड होतं.

म्हणजे कापसाच्या एकाच फुलात आईही आहे आणि बापही. याला द्विलिंगी फूल म्हणतात. आपल्याला हे नवल वाटायला नको. अर्धनारीनटेश्वराचं चित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय, अर्धं अंग शंकराचं आणि अर्धं पार्वतीचं. झाडांच्या जगात तर असं असणं हीच नेहमीची रीत आहे. फूल येणाऱ्या बहुतेक झाडांच्या एकाच फुलात दोन्ही असतात. माणसासारखं नर वेगळा आणि मादी वेगळी, अशी झाडं थोडी.

बी धरायच्या दृष्टीनं झाडांची तीन घरं समजा. पहिल्या घरात आई-बाप एकाच फुलात. दुसऱ्या घरात झाड एकच, पण नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. तिसऱ्या घरात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. आपलं झाड कोणत्या घरातलं, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

पहिलं घर घेऊ. यात धान, गहू, सोयाबीन, हरभरा, मूग, उडीद, तूर, वांगी, टमाटर, मिरची, भेंडी आणि आपला कापूस येतो. पण या घरातही दोन प्रकार आहेत. काहींचं दार बंद असतं आणि काहींचं उघडं.

धानाचं दार बंद. धान निसवलं की लोंबीवर बारीक पिवळट धागे लोंबताना तुम्ही पाहिलेत. तेच धानाचे पुंकेसर, एका फुलात सहा. धानाचं फूल दिवसा थोडा वेळ उघडतं, आणि उघडता उघडताच त्याचा पराग त्याच फुलातल्या आईवर पडून जातो. शेजारच्या बांधीतला पराग येऊन पोचेपर्यंत काम झालेलं असतं. म्हणून धानाच्या वाणात बाहेरची भेसळ फार कमी होते. दोन वाणांच्या मध्ये तीन मीटर जागा सोडली तरी बियाण्याला पुरते. सोयाबीन, हरभरा, गहू यांचंही असंच. पेरलं तेच उगवतं.

या बंद दाराची ताकद काय असते, हे आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यानं साऱ्या देशाला दाखवलंय. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जमीन दीड एकराच्या आसपास, शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत. 1983 साली त्यांच्या बांधीत पटेल-3 नावाचं धान होतं. त्यात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा बारीक आणि रंग पिवळसर. दुसरा कुणी असता तर कापून सगळ्यात मिसळल्या असत्या. दादाजींनी त्या लोंब्या वेगळ्या काढल्या, जपून ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या. पुन्हा त्यातल्या चांगल्या निवडल्या, पुन्हा पेरल्या. असं वर्षामागून वर्ष केलं. त्यातून जो बारीक, चवीचा तांदूळ तयार झाला तो आज आपण एचएमटी म्हणून विकतो आणि विकत घेतो. त्या काळी एचएमटीच्या घड्याळाचं मोठं नाव होतं, तेच नाव धानाला मिळालं. पुढं त्यांनी आणखीही वाण काढले. 2005 साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. 3 जून 2018 ला ते गेले.

आता विचार करा. दादाजींकडं प्रयोगशाळा नव्हती. नजर होती, धीर होता, आणि त्याबरोबर धानाच्या फुलाचा स्वभाव त्यांच्या बाजूनं होता. आई-बाप एकाच फुलात, दार बंद, म्हणून निवडलेली लोंबी पिढ्यान् पिढ्या आपल्या वळणावर राहते. तेच त्यांनी दोडक्याच्या वेलावर केलं असतं तर दर वर्षी शेजारच्या वेलाचा बाप मध्ये आला असता.

कापणीच्या वेळी बांधीत वाकून सगळ्यात जास्त कोण असतं? आपण बायाच. वेगळी लोंबी पहिल्यांदा दिसते ती इळा धरलेल्या बाईला. म्हणून यंदा एक करा. कापणीच्या आधी बांधीत एक चक्कर मारा. बांधाच्या कडेचं सोडा, मधल्या भागातल्या, न लोळलेल्या, रोग नसलेल्या, भरलेल्या लोंब्या निवडा. उंच वाढलेली, वेगळ्या दाण्याची भेसळ आधी उपटून काढा. निवडलेल्या लोंब्या वेगळ्या झोडा, वेगळ्या वाळवा, वेगळ्या ठेवा.

सोयाबीनचंही घरचं बी चालतं. पण त्याची साल नाजूक असते, जोरानं झोडलं किंवा पोतं आपटलं की आतला अंकुर मोडतो. पोत्यांची उंच थप्पी मारू नका, खाली लाकडी फळ्या ठेवा, ओल लागू देऊ नका. आणि पेरणीआधी उगवण पाहाच. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीत मांडा, गोणपाट गुंडाळा, ओलं ठेवा. आठवड्यानं उघडून मोजा. शंभरातले सत्तर किंवा त्याहून जास्त नीट उगवले तर बी पेरण्याजोगं. कमी उगवले तर एकरी बी वाढवावं लागेल, आणि फारच कमी असले तर ते बी पेरू नका.

कुणी म्हणेल, घरचं बी धरणं, शेजारणीला देणं कायद्यात बसतं का? बसतं. 2001 सालच्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, विकण्याचाही हक्क दिलेला आहे. फक्त दुसऱ्याच्या संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या पाकिटात भरून, छाप मारून विकता येत नाही.

आता पहिल्याच घरातली उघड्या दाराची मंडळी. तूर, वांगी, मिरची, भेंडी, कापूस. यांच्या फुलातही आई-बाप एकत्रच आहेत. पण मधमाशी, भुंगा येतो आणि या झाडावरचा पराग त्या झाडावर नेतो. म्हणून बहुतेक बी घरच्या बापाचं असलं तरी काही बी पाहुण्या बापाचं निघतं. घरचं गोल हिरवं वांगं आणि शेजारचं लांब जांभळं वांगं एकमेकांना लागून असेल, तर दोन-तीन वर्षांत धड ना गोल धड ना लांब असं वांगं दिसायला लागतं. तुरीचं बी धरायचं असेल तर दुसऱ्या वाणाची तूर शंभर-दोनशे मीटर दूर पाहिजे. ते जमत नसेल तर वावराच्या मधोमधच्या झाडांचं बी घ्या, बांधाला लागून असलेल्याचं नको.

वांगी, मिरचीसाठी आणखी सोपा उपाय आहे. चांगलं, निरोगी झाड निवडा. त्याची एक फांदी कळ्या असतानाच जुन्या पातळ मलमलच्या पिशवीत बांधा. आत माशी शिरणार नाही. फुलं उमलतील, त्यांचाच पराग त्यांना लागेल. सकाळी पिशवीला हलकी टिचकी मारा. फळ धरलं की पिशवी सोडा आणि देठाला रंगीत दोरा बांधा. दोऱ्याचं फळ कुणी तोडायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगा. ते झाडावरच पूर्ण पिकू द्या. ते तुमचं शुद्ध बी.

काही फुलांत आई-बाप एका घरात असूनही त्यांची वेळ जुळत नाही. सीताफळ हे त्याचं उदाहरण. सीताफळाच्या फुलात आई आधी तयार होते, बापाचा पराग नंतर सुटतो. तोवर आईची वेळ निघून गेलेली असते. म्हणून झाड फुलांनी लदलेलं असतं आणि फळं मात्र मोजकी. एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलापर्यंत बारीक किडे नेतात. मोठ्या बागांमध्ये माणसं मऊ ब्रशानं पराग लावतात. परसातल्या एक-दोन झाडांवर तुम्हीही करून पाहू शकता. पूर्ण उघडलेल्या फुलातला पराग एका वाटीत झटकून घ्या आणि अर्धवट उघडलेल्या फुलाच्या मधोमध ब्रशानं हलकेच फिरवा.

आपलं मोहाचं फूलही द्विलिंगीच. पहाटे आपण वेचतो ती फुलाची रसाळ पाकळी. ती गळून खाली येते, पण आईचं पोट वर फांदीलाच राहतं, आणि त्याचीच पुढं टोळी होते. म्हणून खाली पडलेलं फूल वेचल्यानं टोळी कमी होत नाही. फांद्या झोडपल्या तर मात्र होते. आणि वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळला, तर तिथं उगवलेली मोहाची रोपं जळतात. झाडाखाली जुनी साडी नाहीतर जाळी अंथरली तर फूलही स्वच्छ मिळतं आणि रोपही वाचतं.

आता कापसाचा प्रश्न. कापसाच्या फुलात दोन्ही आहेत, मग आपण बीटी कापसाची सरकी घरी का धरत नाही? कारण दुकानातलं बहुतेक बी संकरित आहे. संकरित म्हणजे आई एका वाणाची आणि बाप दुसऱ्या वाणाचा. पण कापसाच्या फुलात तर बाप आधीच घरात बसलेला. म्हणून बियाण्याच्या प्लॉटमध्ये संध्याकाळी उद्या उमलणारी कळी हातानं सोलतात, आतले पुंकेसर एकूण एक काढून टाकतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग त्या आईला लावतात. एकेक फूल, हातानं. हे काम बहुतांशी बायांच्या हातून होतं. 1970 साली गुजरातेत सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-4 हा संकरित कापूस काढला, तेव्हापासून हा मार्ग रुळला. 2002 पासून त्यात बीटी आलं.

अशा संकरित कापसाची सरकी पुन्हा पेरली तर नातवंडं सारखी निघत नाहीत. कुणी आजीवर, कुणी आजोबांवर, कुणी भलत्यावरच. उंची वेगळी, बोंड वेगळं, किडीला तोंड देण्याची ताकदही कमी-जास्त. म्हणून ते बी घरी धरायचं नाही. मिरची, टमाटर, भेंडीच्या पाकिटांचंही तेच. पाकिटावर 'संकरित' किंवा 'एफ-1' लिहिलं असेल तर बी धरू नका. 'सुधारित' किंवा 'सरळ वाण' असेल तर धरा. कापसातही सरळ वाण आहेत. त्यांची सरकी राखता येते. पाकीट फाडण्याआधी शाळेत जाणाऱ्या लेकीकडून एवढं वाचून घ्या.

आता दुसरं घर. लवकी, कोहळं, दोडकं, कारलं, काकडी, आणि मका. वेल एकच, पण नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. ओळखायचं कसं? फुलाच्या मागं पाहा. पाकळ्यांच्या खाली बोटाएवढं, पेराएवढं छोटं फळ असेल तर ते मादी फूल. नुसता सरळ देठ असेल तर नर.

दर पावसाळ्यात बाया विचारतात, "ताई, वेलाला फुलंच फुलं आहेत, फळ का धरत नाही?" याचं कारण असं की या वेलांना आधी नर फुलं येतात आणि तीच संख्येनं जास्त असतात. मादी फुलं थोड्या दिवसांनी लागतात. घाबरून वेल उपटू नका, थांबा. मादी फुलं लागली आणि तरीही बारकी फळं पिवळी पडून गळत असतील, तर बहुतेक वेळा पराग पोचलेला नसतो. सतत पाऊस असेल, नाहीतर वावरात सकाळीच फवारा मारला असेल, तर माश्या फिरकत नाहीत. फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळचा फवारा टाळा. आणि माशीचं काम आपण हातानं करू शकतो.

कोहळं, काकडी, कारल्याचं फूल सकाळी उमलतं. लवकी आणि दोडक्याचं संध्याकाळी. त्या वेळेला ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागं सारा, आणि त्याची पिवळी भुकटी मादी फुलाच्या मधल्या टोकावर हलकेच फिरवा. झालं. एका नर फुलानं दोन-तीन मादी फुलं होतात.

बी धरायचं असेल तर आणखी एक पायरी. फूल उमलण्याआधीच, म्हणजे सकाळच्या फुलासाठी आदल्या संध्याकाळी आणि संध्याकाळच्या फुलासाठी दुपारी, एक नर कळी आणि एक मादी कळी टोकाला दोऱ्यानं बांधून ठेवा. वेळेवर सोडा, पराग लावा, मादी फूल पुन्हा बांधा. देठाला खुणेचा दोरा. असं का? कारण या वेलांना शुद्ध बी हवं तर दुसरा वाण निदान पाचशे मीटर दूर पाहिजे. गावात एवढं अंतर कुठून आणणार? दोऱ्याचं काम दोराच करतो.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. बाप परका असला तरी यंदाचं फळ आईसारखंच लागतं, चवही आईचीच. बापाची सही आतल्या बियांत असते आणि ती पुढच्या वर्षी दिसते. म्हणून फळ पाहून फसू नका. मक्याचं मात्र वेगळं. मक्याचा वरचा तुरा म्हणजे बाप आणि कणसाचे केस म्हणजे आई. एकेक केस एकेका दाण्याला जोडलेला. शेजारी पिवळा मका असेल तर तुमच्या पांढऱ्या कणसात त्याच वर्षी पिवळे दाणे दिसतात. आणि कणसात दात पडल्यासारखी रिकामी जागा दिसली, तर त्या केसांना पराग मिळाला नाही असं समजा. म्हणून मका एका लांब ओळीत न लावता चार-पाच ओळींच्या चौकोनात लावावा.

आता एक शब्द. नर फुलाला आपण काय म्हणतो? वांझ फूल. काही जणी तर ही 'वांझ' फुलं खुडून टाकतात, वेलाचा जोर वाया जाऊ नये म्हणून. बायांनो, ते फूल वांझ नाही. तो बाप आहे. तो सगळा खुडलात तर मादी फुलं फळावाचून गळतील. आणि आपण किती पटकन वांझ म्हणतो पाहा. फुलाला म्हणतो, गाईला म्हणतो, घरातल्या सुनेला म्हणतो. मूल होत नसेल तर सुनेला देवाला नेतात, वैदूला दाखवतात, आणि लेकाची साधी तपासणीही करत नाहीत. दोष बाईत असू शकतो तसा पुरुषातही असू शकतो, कधी दोघांतही असतो. डॉक्टर दोघांनाही तपासतात, आणि पुरुषाची पहिली तपासणी तर सोपी असते. वेलावर फळ नसेल तर नर फूलही पाहायचं, मादी फूलही पाहायचं. घरातही तोच न्याय लावा.

तिसरं घर म्हणजे नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. आपल्या जंगलातलं काटवल, म्हणजे कर्टुली, या घरातलं. बाजारात चांगला भाव मिळतो म्हणून आता काही गट कुंपणाला काटवल लावू लागलेत. तिथं चूक होते ती अशी. काटवलाचा काही वेल फक्त फुलतो, फळत नाही. "हा नुसता जागा खातो" म्हणून त्याचा कंद उपटून फेकतात. तो नर वेल असतो. आठ-दहा मादी वेलांमागं एक नर वेल लागतोच. बियांपासून लावलं तर नर किती आणि मादी किती ते फूल आल्यावरच कळतं. कंदापासून लावलं तर मादीच्या कंदाची मादी आणि नराच्या कंदाचा नर. म्हणून फूल आलं की वेलाच्या बुडाशी खूण करा, मादीला लाल चिंधी आणि नराला पांढरी. मग कंद वाटून घेताना फसगत होणार नाही. आणि जंगलातून कंद खणून आणताना सगळे आणू नका. तिथले संपले तर पुढच्या वर्षी भाजीही नाही आणि बीही नाही.

पपईचं तर एकाहून जास्त घरांत पाय. काही झाडं नर, त्यांना लांब लोंबत्या देठावर फुलांचे घोस. काही मादी, त्यांची मोठी फुलं खोडाला चिकटून. आणि काही झाडांच्या फुलांत दोन्ही. देशी पपईच्या बियांतून नर झाडं बरीच निघतात. म्हणून एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावा, फूल आल्यावर पाहा, आणि जास्तीचे नर काढा. पण आठ-दहा झाडांमागं एक नर ठेवा. दोन्ही एकाच फुलात असणाऱ्या जातीत, जशी तैवान 786, वेगळा नर ठेवावा लागत नाही.

बियाण्याचं झालं. पण हा दोन्ही एकाच अंगी असण्याचा प्रकार झाडांपुरता नाही. शेतातल्या दोन प्राण्यांतही तो आहे. त्यातला एक आपल्याला वाढवायचा आहे आणि एक आटोक्यात ठेवायचा आहे.

वाढवायचं ते गांडूळ. प्रत्येक गांडुळाच्या अंगात आईचेही अवयव असतात आणि बापाचेही. पण गांडूळ एकटं पिल्लं करत नाही. दोन गांडुळं जवळ येतात, एकमेकांना बाप-बीज देतात, आणि मग दोघंही आई होतात. म्हणून गांडूळखताच्या बेडसाठी नर-मादी शोधायची गरज नाही. फक्त वयात आलेली गांडुळं पाहिजेत. ज्याच्या अंगावर, तोंडाकडच्या बाजूला, फुगीर पट्टा दिसतो ते वयात आलेलं. त्या पट्ट्यातून निघालेलं आवरण पुढं सरकून अंड्यांची पिशवी होते, बारक्या दाण्याएवढी, पिवळसर. त्यातून सुमारे तीन आठवड्यांनी पिल्लं निघतात.

याचा फायदा काय? खत चाळताना आपण गांडुळं वेचून ठेवतो, पण अंड्यांच्या पिशव्या चाळणीतून खतात जातात. खत लगेच पोत्यात भरलं की पुढची पिढी पोत्यात गेली. म्हणून चाळलेलं खत दोन-तीन आठवडे सावलीत ओलसर ठेवा, त्यात जागोजागी मुरलेल्या शेणाचे गोळे ठेवा. पिल्लं शेणाकडं येतात, गोळ्यासकट उचला आणि नव्या बेडात टाका. आणि एक गैरसमज काढून टाका. गांडूळ मधोमध तोडलं की दोन होत नाहीत. फावड्यानं तुटलं तर बहुधा मरतंच.

आटोक्यात ठेवायची ती शंखी गोगलगाय. 2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडं या गोगलगायींनी उगवतं सोयाबीन फस्त केलं. कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. एवढ्या लवकर त्या वाढतात कशा? त्याचं कारण तेच. प्रत्येक गोगलगायीत दोन्ही अवयव असतात, म्हणजे प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते. एका वेळी शंभर-दोनशे अंडी, मातीत पुरून. ही सोडली तरी चालेल, असं एकीबद्दलही म्हणता येत नाही. म्हणून पहिला पाऊस पडला की संध्याकाळी बांधाकडेला गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं टाका. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. वेचताना हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधा, कारण त्यांच्या चिकट द्रवातून आजार होऊ शकतो. मीठ वावरात मात्र टाकू नका, जमीन खराब होते. एकट्या घरानं वेचून भागत नाही, शेजारच्या वावरातून पुन्हा येतात. हे काम साऱ्या गटानं एकाच आठवड्यात करायचं.

तर मायबहिणींनो, या महिन्याच्या गटाच्या बैठकीत एक वही काढा, बियाण्याची वही. प्रत्येक बाईनं आपल्या घरचं एक तरी जुनं वाण त्यात लिहायचं. वाणाचं नाव, कुणाकडून आलं, आणि ते तीन घरांपैकी कोणत्या घरातलं. मग वाटणी करा. बंद दाराचं, म्हणजे धान, सोयाबीन, हरभरा, हे कुणीही धरू शकते. उघड्या दाराचं, म्हणजे वांगी, मिरची, भेंडी, हे प्रत्येक घरानं वेगवेगळं धरायचं नाही. एका वाणाला एक घर नेमा, पिशवी बांधायची जबाबदारी तिची. वेलांसाठी दोरा बांधणाऱ्या दोघी-तिघी तयार करा, हात बसला की एका सकाळी पाच-सहा फुलं सहज होतात. काही अडलं तर गावातल्या कृषी सखीला विचारा.

बी नीट सावलीत वाळवा, मातीच्या मडक्यात किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, वरून राख नाहीतर वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला. डब्यावर नाव आणि साल लिहायला विसरू नका. आणि पुढच्या मृगाला दुकानात जाण्याआधी आधी ती वही उघडा.